अँटीव्हायरस रेफरर कापतो, मग कोड आपण का बदलायचा?

रानवारा:
काही ठराविक युजरना फॉर्म सबमिट केला की ४०३ (परवानगी नाही) येतो, बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चालतं. त्यांच्या ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता सांगणारा हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवलेला दिसतो आणि आमच्या ॲक्सेस लॉगमध्ये त्या जागी नुसती आडवी रेघ. म्हणजे मधे त्यांच्याच मशीनवरचा अँटीव्हायरस प्रायव्हसीच्या नावाखाली हेडर काढून टाकतोय. माझं मत स्पष्ट आहे, दोष त्या सॉफ्टवेअरचा, युजरने ते सेटिंग बंद करावं, आम्ही सीएसआरएफ चेक (दुसऱ्या साइटने युजरच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून रेफरर बघणारी तपासणी) ढिला करणार नाही.

मुक्ता_एस:
नाही पटलं. रेफरर पाठवलाच पाहिजे असं कुठंय? यूआरएलमध्ये लोक काय काय टाकतात, पासवर्ड रिसेटचे टोकनसुद्धा, ते दुसऱ्या साइटला कळू नये असं कुणाला वाटलं तर त्यात चूक काय! फॉर्ममधलं गुप्त टोकन तपासा, ओरिजिन (रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून आली एवढंच सांगणारा हेडर) बघा, कुकीला सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जाऊ न देणारं सेटिंग) लावा. जँगोसुद्धा (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ४.० पासून आधी ओरिजिन बघतो, तो नसेल तरच एचटीटीपीएसवर रेफरर मागतो.

रानवारा:
दुसऱ्या साइटला कळू नये हे मान्य, पण इथे त्याच साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना पण कापतात! एचटीटीपीचं मानक आरएफसी ९११०, २०२२ चं, त्यात सरळ लिहिलंय की स्कीम (http की https) आणि होस्ट (साइटचं नाव) तोच असेल तर मधल्याने रेफरर काढू नये, आणि सरसकट काढल्याने सीएसआरएफ संरक्षणात अडथळा येतो हेही लिहिलंय. सुरक्षेसाठी घेतलेलं सॉफ्टवेअरच सुरक्षा मोडतंय. असलीच काही सॉफ्टवेअर ॲक्सेप्ट-एन्कोडिंगची (कॉम्प्रेस केलेलं पान चालेल असं सांगणाऱ्या हेडरची) पण मोडतोड करतात, मग पान कॉम्प्रेस न होता जातं, युजर म्हणतो साइट स्लो आहे आणि आपण सर्व्हर तपासत बसतो.

जुनाडेव्ह:
भांडण्याआधी खात्री करा की अँटीव्हायरसच आहे. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून इश्युअर (ते कोणी दिलं) बघा, तिथे अँटीव्हायरसचं नाव असेल तर तो एचटीटीपीएस उघडून वाचतोय. ब्राउझरमधलं एखादं एक्स्टेन्शन पण रेफरर कापू शकतं, ते वेगळं बंद करून बघा. तुमचा स्वतःचा कस्टम हेडर गायब असेल तर आधी एनजिनएक्स (वेब सर्व्हर) तपासा, नावात अंडरस्कोर असला की तो डिफॉल्टने गुपचूप टाकून देतो. आणि रानवारा, ऑफिसच्या मशीनवर युजरला ते सेटिंग बदलताच येत नाही, त्याने काय करायचं?

रानवारा:
ओरिजिन आधी तपासायला हरकत नाही, ते करतो. पण ओरिजिन आणि रेफरर दोन्ही नसतील तर ४०३ च, फक्त त्या पानावर कुठला हेडर आला नाही ते साध्या भाषेत लिहीन, म्हणजे तो निदान आयटीवाल्यांना दाखवू शकेल.