मदत हवी आहे: आईची बायोप्सी, पुण्यात कुठे?
आईचं वय 58, आम्ही साताऱ्यात. मॅमोग्राफीत डाव्या स्तनात कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसलेत, रिपोर्टमध्ये बायरॅड्स 4 (म्हणजे संशयास्पद, बायोप्सी करून बघावी असं) लिहिलंय. हाताला गाठ लागत नाही. सोनोग्राफी दोनदा केली पण त्यात ठिपके दिसतच नाहीत, त्यामुळे सोनोग्राफीवर बघून सुई घालता येणार नाही म्हणाले. एका सर्जनने थेट ऑपरेशन सुचवलं, पण आधी सुईनेच तपासावं असं मला फार वाटतं, आणि नुसती एफएनएसी (बारीक सुईने फक्त पेशी काढून तपासणं) नको कारण कॅन्सर असलाच तर तो दुधाच्या नलिकेतच आहे की बाहेर पसरलाय हे त्यात कळत नाही. आई हार्टसाठी इकोस्प्रिन 75 (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेते, ती विचारल्याशिवाय बंद करणार नाही. मॅमोग्राफीवर जागा धरून करतात ती स्टिरिओटॅक्टिक व्हॅक्युम बायोप्सी (सुईतून व्हॅक्युमने तुकडे ओढून घेतात ती) पुण्यात कुणी करून घेतलीये का, कुठे आणि खर्च किती आला?