आईच्या गुडघ्यासाठी नुसता लाल दिवा घ्यावा की निअर-इन्फ्रारेडवाला?

विश्रामबागकर: मंडळी, सल्ला हवाय. आईचे गुडघे कुरकुरतात, जिना चढताना कठडा सुटत नाही. भावाने दुखऱ्या जागी प्रकाश सोडायच्या दोन एलईडी पॅनलच्या लिंक पाठवल्यात. एकात ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश, दुसऱ्यात ६६० आणि ८५० (म्हणजे निअर-इन्फ्रारेड, लालच्या पलीकडचा) दोन्ही, पण किंमत जवळजवळ दुप्पट. आईला चेहऱ्यावरचे वांगही घालवायचेत. तिचं म्हणणं, एका दगडात दोन पक्षी!

मिरजेची फिजिओ: गुडघ्यासाठी नुसता लाल नको. तो कातडीच्या वरच्या काही मिलिमीटरांतच जिरतो. ८१० ते ८५० चा प्रकाश त्याहून खोल जातो, तरी सांध्यापर्यंत त्यातला थोडाच पोचतो. दुखणं काहींचं कमी होतं, काहींचं ढिम्म हलत नाही. अभ्यासांचे निकालही असेच संमिश्र आहेत. झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही, हे आईंना आधीच सांगा. आणि मांडीचे व्यायाम बंद करायचे नाहीत. वांगावर तर परस्पर दिवा मारूच नका. उष्णतेने, प्रकाशाने ते गडद होऊ शकतात. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

हरिपूरवाला: एवढे पैसे कशाला घालवता? दवाखान्यात शेकायला लाल बल्ब असतो, तोच आणा की. बाकी सगळी फॅशन.

मिरजेची फिजिओ: दादा, तो शेक झाला. बल्ब ऊब देतो, त्यानेही बरं वाटतं, नाही म्हणत नाही. (शुगरमुळे पाय बधिर असतील तर भाजलेलंही कळत नाही, तेवढं बघा.) पॅनलचं काम उष्णतेवर चालत नाही. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते हा प्रकाश शोषतं असं मानतात. फॅशन म्हणाल तर १९६७ मध्ये बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर लेझर सोडला आणि केस लवकर उगवले, तिथपासूनची आहे.

वायरमन_सांगली: खोक्यावरच्या '३०० वॅट'ला भुलू नका. ती झाली वीज. अंगावर किती पडतं ते विचारा, दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट आणि किती अंतरावरून. ५० मिलिवॅट असेल तर २०० सेकंदांत तेवढ्या जागेवर १० ज्यूल ऊर्जा पडते. जास्त वेळ बसून जास्त गुण येत नाही, उलट कमी होतो. अजून एक, ८५० चे दिवे डोळ्याला जवळजवळ विझलेलेच दिसतात. लोक बंद पडलाय म्हणून परत पाठवतात! मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, टीव्हीच्या रिमोटसारखा जांभळट उजेड दिसेल. दिसत नाही म्हणून डोळेही आपसूक मिटत नाहीत, तेव्हा प्रकाश अडवणारा संरक्षक चष्मा हवाच.

विश्रामबागकर: मग दोन्हीवालाच बघते, मिलिवॅटचा आकडा दिला तरच. साडीवरून घेतलं तर चालेल का? आई गुडघा उघडा टाकायला लाजते.

मिरजेची फिजिओ: नाही चालणार, कापड प्रकाश अडवतं. दार लावून घ्या म्हणावं. आणि मलम चोळलेलं असेल तर आधी पुसून काढा.