मदत हवी आहे: परवा शिक्षकपदाची मुलाखत, डेमोत काय घेऊ?

शाई_संपली
परवा सकाळी मुलाखत आहे. आधी डेमो, म्हणजे शिकवून दाखवायचं, मग पॅनेलचे प्रश्न. डेमोला वीस मिनिटं. नेटवर जिथे बघावं तिथे 'आत्मविश्वासाने बोला, चेहरा हसरा ठेवा'. ते नको. डेमोत काय घेऊ आणि पॅनेल नेमकं काय विचारतं, एवढंच सांगा. प्लीज लवकर.

तळटीप
विषय? इयत्ता? समोर मुलं असणार की पॅनेलच? काहीच न सांगता लवकर कसं सांगणार!

शाई_संपली
गणित, सहावी, अपूर्णांकांची बेरीज. मुलांचं ते काही बोलले नाहीत.

निवांत
सरळ पीपीटी करा सर. मी ॲनिमेशन टाकून केली होती, पॅनेल खूश. हवी तर माझी पाठवतो, प्रकाशसंश्लेषणावर आहे.

शाई_संपली
सर नाही, मॅडम. आणि गणित.

खडूवाला
पीपीटीच्या नादी लागू नका. प्रोजेक्टर रुसला की केबल शोधण्यातच पाच मिनिटं जातात. फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहा, 'बरोबर आहे का?' विचारा आणि गप्प उभ्या राहा. कोणीतरी हो म्हणेलच. मग कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या काढा. एक निम्मी रंगवलेली, दुसरीचे पाच भाग करून दोन रंगवलेले. शेजारी शेजारी धरल्या की दिसतं, २/५ अर्ध्याहूनही कमी! अर्ध्यात भर घातली आणि उत्तर घटलं कसं, हे मुलांनीच विचारायला हवं. मग १/२ आणि १/३ दोन्हींचे सहावे भाग करा: ३/६ आणि २/६ मिळून ५/६. तिथेच थांबा. लसावि काढूच नका.

निवांत
लसाविशिवाय बेरीज? उद्या ७/१२ + ५/१८ आलं की पट्ट्याच कापत बसायचं का?

खडूवाला
ते पुढच्या तासाला. वीस मिनिटांत दोन गोष्टी कोंबल्या की एकही धड होत नाही, आणि पॅनेलला ते पाचव्या मिनिटाला कळतं.

मधली_सुट्टी
'गप्प उभ्या राहा'ला +१. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंगं तपासली, तर प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत होती आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत होती. मुलाखतीत तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा.

कोरा_कागद
काय उपयोग? माणूस आधीच ठरलेला असतो. आणि हो, नवे बूट घालू नका, चावतात.

तळटीप
बुटांचं कोणी विचारलंय?

शाई_संपली
फोन करून विचारलं. मुलं नसणार, पॅनेलच मुलं होणार. आता?

खडूवाला
मग एक जण खोड्या काढणार आणि एक जण हटकून चुकीचं उत्तर देणार. तुम्ही त्या उत्तराचं काय करता तेवढंच बघतात. 'चूक' म्हणून पुढे सरकू नका, 'कसं काढलंस?' विचारा.

निवांत
मुख्याध्यापकांना 'काढलंस'?

मधली_सुट्टी
सुरुवातीलाच सांगून टाकायचं, 'पुढची वीस मिनिटं तुम्ही सहावीतली मुलं.' तरी जीभ रेटत नसेल तर 'कोण सांगेल?', 'अजून कोणी?' यावर निभतं. पट्ट्या मात्र त्यांच्या हातात द्या. बारा मिनिटांतच प्रत्येकाकडून एक उदाहरण सोडवून घ्या, कारण मध्येच 'थँक्यू मॅडम' म्हणतात आणि कळलं का हे तपासायचं राहूनच जातं.

शाई_संपली
बरं. आणि पॅनेलचे प्रश्न? ते कोणीच सांगत नाहीये.

तळटीप
'निम्म्या वर्गाला कळलं नाही तर काय कराल' आणि 'पालक भांडायला आले तर', हे दोन बहुतेक ठिकाणी येतात. तत्त्वज्ञान नको, घडलेला प्रसंग सांगा: काय झालं, तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं. अनुभव किती?

शाई_संपली
काही वर्षं शिकवलं, मग मुलं झाली, मोठा गॅप आहे.

तळटीप
हे आत्ता सांगताय? पहिला प्रश्न त्यावरच येणार! दोन वाक्यांत सांगा, पडेल आवाजात नको. मधल्या काळात गणिताशी काही संबंध?

शाई_संपली
बिल्डिंगमधली मुलं यायची शिकायला. पण ते काय सांगायचं.

मधली_सुट्टी
अहो, तेच तर सांगायचं! त्यातलं अडलेलं कोणी आठवतंय?

शाई_संपली
एक होता. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं म्हणायचा, पस्तीस चारपेक्षा मोठे म्हणून. ०.४ ला ०.४० लिहायला लावलं तर उत्तर बरोबर, पण का ते कळेना. शेवटी शंभर चौकटींच्या कागदावर दोन्ही रंगवून घेतलं, तेव्हा पटलं.

तळटीप
'निम्म्या वर्गाला कळलं नाही तर'ला हाच प्रसंग. 'पटलं' म्हणून थांबू नका. पटलं हे तुम्हाला कशावरून कळलं, ते विचारतील.

शाई_संपली
०.६ आणि ०.५८ दिलं होतं, स्वतःहून चौकटी मागितल्या. चला, पट्ट्या कापायला बसते.

निवांत
पीपीटीची पीडीएफ पेनड्राइव्हवर असू द्या तरी.

खडूवाला
प्रकाशसंश्लेषणाची का?