घुमट नसलेली मशीद

'घुमट आणि मिनार नसेल तर ती मशीद कसली?' असं कुणाला वाटत असेल, तर त्यावर थोडं सांगतो. मलेशियातल्या केलांतानमधली कांपुंग लाउतची मशीद बघा. लाकडी खांबांवर उभी, तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर, घुमटाचा पत्ता नाही. लोखंडी खिळे न वापरता नुसत्या सांध्यांवर बांधलेली. मलय प्रदेशातल्या जुन्या मशिदी बहुतेक अशाच. घुमट बराच नंतर आला. ही मशीद नदीकाठची. 1967च्या पुरात तिची इतकी हानी झाली की सगळी सुटी करून नदीकाठापासून आत, नीलम पुरी या ठिकाणी नेऊन उभारली. अलीकडे ती पुन्हा मूळ गावी आणलीय.

पण तिथल्या मशिदींची खरी गंमत आवारात असते. रमजानमध्ये गावकरी भल्यामोठ्या कढईत 'बुबुर लांबुक' रटरटत ठेवतात: तांदूळ, मांस, नारळाचं दूध, मसाले. तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याचा डाव आळीपाळीने फिरवत राहायचं, हात भरून येतात. दुपारी उशिरा घरोघरचे डबे रांगेत लागतात. आपल्याकडच्या भंडाऱ्यासारखंच वातावरण, फक्त उपास असल्यामुळे मीठ चाखायची पंचाईत! रात्री तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजानंतर, पुन्हा चहा-फराळ, त्याला 'मोरेह' म्हणतात. पोरंटोरं त्याच्याच आशेने थांबतात, असं माझं मत.

तिथली आणखी एक व्यवस्था म्हणजे 'खैरात'. प्रत्येक घर ठरावीक वर्गणी भरतं आणि कुणी गेलं की कफन-दफनाचा खर्च त्यातून होतो. अशा वेळी घरच्यांना पैशासाठी धावाधाव करावी लागत नाही.