मदत हवी आहे : कॉइल नव्याने भरली, तरी धागा तुटल्यावर माग थांबत नाही

ताणाबाणा
नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. त्यांपैकी एका मागाच्या वॉर्प स्टॉप मोशनची (ताण्याचा धागा तुटताच माग थांबवणाऱ्या यंत्रणेची) कॉइल मागच्या आठवड्यात जळाली, म्हणून ती ओळखीच्या कारागिराकडून पुन्हा भरून घेतली. तेव्हापासून ताण्याचा धागा तुटतो, त्या धाग्यावर लटकणारी धातूची ड्रॉप पिन खालच्या पट्टीवर पडून कॉइलला वीज मिळते, परंतु कॉइलचे चुंबक माग थांबवणारी दांडी ओढत नाही आणि माग चालूच राहतो. कालच्या रात्रपाळीत गळालेल्या धाग्याची रेघ तीन टॉवेलांवर उमटली. कारागिराचे म्हणणे असे की, त्याने पूर्वीपेक्षा जास्तच वेढे दिले आहेत, त्यामुळे चुंबक अधिक बलवान व्हायला हवे. मग ओढ कमी का झाली? शुक्रवारी माल द्यायचा आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

निवृत्त_मास्तर
नेमके उत्तर हवे असेल तर नेमकी माहितीही द्यावी लागेल. पुरवठा किती व्होल्टचा आहे, एसी की डीसी, जुनी तार कोणत्या नंबरची होती आणि नवी कोणती?

सरळ_सल्ला
जळालेली कॉइल भरून घेण्यात अर्थ नसतो. नवी विकत घ्या आणि मोकळे व्हा. आमच्याकडे तोच नियम आहे.

चुंबकवेडा
हल्ली निओडिमियमचे चुंबक सहज मिळतात आणि बोटभर तुकडाही हाताला सुटत नाही. तोच बसवला तर कॉइलची गरजच उरणार नाही.

तांब्याची_तार
@चुंबकवेडा, तो चुंबक दांडी कायमची धरून ठेवील आणि माग सुरूच होणार नाही. पिन पडली तरच ओढायचे आणि प्रवाह थांबताच सोडायचे, एवढ्यासाठीच तर येथे विद्युतचुंबक लागतो.

ताणाबाणा
पुरवठा सगळ्या मागांना असतो तोच आहे, २४ व्होल्ट डीसी. जुनी तार ३२ नंबरची होती. दुकानात ३६ नंबरची शिल्लक होती म्हणून ती वापरली. तांबे दोन्हीकडे सारखेच आहे. नंबराने एवढा फरक पडतो का?

निवृत्त_मास्तर
सगळा फरक तिथेच पडला आहे. चुंबकाची ओढ नुसत्या वेढ्यांवर नव्हे, तर वेढे गुणिले प्रवाह या गुणाकारावर ठरते. व्होल्टेज ठरलेले असताना त्याच तारेचे वेढे वाढवले, तर तारेची लांबी आणि तिच्याबरोबर रोधही त्याच प्रमाणात वाढतो, प्रवाह त्याच प्रमाणात घटतो आणि गुणाकार होता तिथेच राहतो. तो बदलतो तारेच्या जाडीने. ३२ नंबरच्या तारेचा व्यास सुमारे ०.२७ मिलिमीटर आणि ३६ नंबरचा सुमारे ०.१९ मिलिमीटर असतो, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ जवळपास निम्मे झाले आणि तेवढ्याच लांबीचा रोध दुप्पट झाला.

मोटारवाइंडर
मास्तर, मी वीस वर्षे मोटारी भरतो आहे. वेढे वाढवले की ताकद वाढते, हे आम्ही हाताने शिकलो आहोत. पुस्तकातले गणित कारखान्यात चालत नाही.

निवृत्त_मास्तर
प्रवाह तेवढाच राखला तर आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. येथे प्रवाह राखलेला नाही, व्होल्टेज राखले आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी शेजारच्या चांगल्या मागाच्या कॉइलचा आणि या कॉइलचा रोध मीटरने मोजून येथे लिहावा, म्हणजे वाद मिटेल.

इतिहासप्रेमी
या निमित्ताने सांगावेसे वाटते की, विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. १८२५ मध्ये स्टर्जन यांनी व्हार्निश दिलेल्या लोखंडी नालावर उघड्या तारेचे १८ वेढे दिले आणि त्या नालाने स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट भार उचलला. उघडे वेढे एकमेकांना टेकवता येत नसत. पुढे जोसेफ हेन्री यांनी तारेवरच रेशीम गुंडाळले आणि वेढ्यांचे थरावर थर चढवणे शक्य झाले. विणकरांच्या गावाला ही गोष्ट आवडावी.

ताणाबाणा
गोष्ट आवडली, पण माग बंद आहे. चांगली कॉइल ४१ ओहम दाखवते आणि नवी १६३.

निवृत्त_मास्तर
म्हणजे प्रवाह ०.५९ अँपिअरवरून ०.१५ वर आला, पूर्वीच्या चौथाईवर. त्याच बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) बारीक तारेचे वेढे फार तर दुप्पट बसले असतील, तेव्हा गुणाकार निम्मा झाला. ओढ साधारणपणे त्याच्या वर्गाने बदलते, म्हणून ती चौथाईच उरली असणार. ३२ नंबरचीच तार भरून घ्यावी.

मोटारवाइंडर
आकडे मान्य आहेत. मोटार भरताना आम्ही जुन्या तारेचा नंबर बदलत नाही, म्हणून हा प्रश्न कधी समोर आला नाही. आणखी एक सांगतो, जे कोणी विचारलेले नाही. पिन पट्टीवरून सुटताना ठिणगी पडत असेल, तर कॉइलच्या दोन टोकांवर उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा, त्याच्यावरील पट्ट्याची बाजू धन टोकाला. प्रवाह तुटला की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि कॉइल स्वतःच मोठे व्होल्टेज निर्माण करते. आजूबाजूला कापसाची रुई उडत असते, याचा विसर पडू देऊ नये.

ताणाबाणा
काल ३२ नंबरची तार भरून घेतली. आता धागा तुटताच माग थांबतो, पण दांडी चुंबकालाच चिकटून राहते आणि हाताने ओढल्याशिवाय माग पुन्हा सुरू होत नाही. डायोडमुळे असे होते का?

तांब्याची_तार
डायोडमुळे सुटायला क्षणाचा काही अंश उशीर होतो; दांडी चिकटून राहत नाही. कॉइलच्या आत गाभा कशाचा आहे?

ताणाबाणा
हे सांगायचे राहिलेच. जुना गाभा झिजला होता, म्हणून कारागिराने त्याच मापाचा हाय टेन्साइल (कडक पोलादाचा) बोल्ट कापून घातला आहे.

तांब्याची_तार
मग दोष त्या बोल्टचा आहे. मऊ लोखंड प्रवाह थांबताच बहुतेक चुंबकत्व सोडून देते. कडक पोलाद ते धरून ठेवते. बोल्ट बाहेर काढून त्याच्या टोकाला एखादी ड्रॉप पिन लावून पाहा. मऊ लोखंडाचा गाभा मिळेपर्यंत बोल्टच्या टोकावर पितळेची पातळ चकती बसवा, म्हणजे दांडी प्रत्यक्ष टेकणार नाही आणि उरलेल्या चुंबकत्वाची पकड ढिली होईल. चकती जाड मात्र नको, नाहीतर फट वाढून ओढ पुन्हा कमी होईल.

ताणाबाणा
बोल्ट टेबलावर उभा करून टोकाला पिन लावली. वायरी सोडलेल्या असतानाही ती लोंबकळत राहिली, आणि बोल्ट हलवला तरी पडली नाही. पितळेची चकती बसवली आहे आणि दुपारपासून माग थांबतो आणि लगेच सुरूही होतो. आता अर्ध्या इंचाचा मऊ लोखंडी गज सोलापुरात किरकोळीत कोठे मिळेल, एवढे कोणी सांगावे.

सरळ_सल्ला
मी पहिल्याच दिवशी म्हटले होते, नवी कॉइल घ्या. तिच्याबरोबर गाभाही आला असता.