अलॉय घ्या, पण चाकाची मध्यरेषा जागची हलवू नका

गंगापूररोडकर

नाशिकमध्ये अलॉय बदलायला गेलं की दुकानात ठरलेले प्रश्न येतात: किती इंची, कोणतं डिझाइन, बजेट किती. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) तेवढा बघतात, कारण बोल्ट बसलेच नाहीत तर सौदाच मोडतो. ऑफसेटचं नाव कोणी काढत नाही. आपण विचारलं तर उत्तर येतं, "बसतंय ना, मग झालं." माझं ठाम मत आहे की चाक बसलं म्हणजे ते त्या गाडीचं झालं असं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) टेकणारी बाजू यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या आत 'ईटी' अक्षरांपुढे आकडा कोरलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत, आणि आकडा कमी झाला की चाक बाहेर.

एक उदाहरण मांडतो. समजा कंपनीचं रिम १५ इंची, ५.५जे (म्हणजे साडेपाच इंच रुंद), ईटी ४५ आहे. दुकानदार १६ इंची, ७जे, ईटी ३५ दाखवतो. जुन्या रिमची बाहेरची कड हबच्या टेकणीपासून सुमारे २५ मिमी बाहेर होती, नव्याची ५४ मिमी येते. म्हणजे कड २९ मिमी बाहेर सरकली. आतली कडही ९ मिमी आत गेली. दुकानदाराच्या लेखी मात्र दोन्ही चाकं "सेमच" असतात.

रुंदी वाढवायला माझी हरकत नाही. ईटी तोच ठेवून रुंदी वाढवली तर चाक दोन्ही बाजूंना सारखं फुगतं आणि मध्यरेषा जिथल्या तिथे राहते. गाडीचं स्टेअरिंग, बेअरिंग, ब्रेक हे सगळं त्या मध्यरेषेच्या हिशोबाने बनवलेलं असतं. ती पाचेक मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये असं माझं म्हणणं आहे. तुमचं काय?

सिडको_स्टान्स

दादा, तुम्ही रिमची कड मोजताय. आर्चला (चाकावरच्या कमानीला) कड घासत नाही, टायरचं पोट घासतं. तुमचाच हिशोब टायरवर करून बघा. १८५ चा टायर ५.५जे वर साधारण १८५ मिमीच भरतो. १९५ चा टायर ७जे वर ताणला की २०५ च्या आसपास जातो, कारण रिम अर्धा इंच रुंद झालं की टायर साधारण ५ मिमी फुगतो. आता ईटी ३५ लावा. बाहेर २० मिमी जास्त आला आणि आत काहीच फरक नाही! शॉकअपपासूनचं अंतर होतं तेवढंच राहिलं. उलट तुमचा ईटी ४५ ठेवला तर तोच टायर शॉकअपच्या बाजूला १० मिमी सरकतो. आतून घासलेला टायर आपल्याला दिसतही नाही आणि एक दिवस हायवेवर फुटतो. मग धोकादायक कोणतं?

दुसरं, कंपनी चाक आत ठेवते कारण तिला बर्फाच्या देशातल्या साखळ्यांपासून ते स्वस्त टायरपर्यंत सगळं सांभाळायचं असतं. ईटी १० ने कमी केला तर दोन्ही बाजू मिळून ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, २० मिमी वाढतो. गाडी वळणावर घट्ट बसते. आणि हो, आर्चच्या ओळीत भरलेलं चाक सुंदर दिसतं. स्वतःच्या पैशाने गाडी सुंदर करावीशी वाटणं यात वावगं काय आहे?

गंगापूररोडकर

टायरच्या पोटाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पण तुम्ही फक्त घासण्याचा हिशोब केलात. रिम किंवा टायर कितीही रुंद असो, मध्यरेषा किती सरकली हे फक्त ईटी ठरवतो. ईटी १० ने कमी म्हणजे मध्यरेषा १० मिमी बाहेर.

पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षावर वळतं तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर एका बिंदूवर टेकतो. तो बिंदू आणि टायरच्या टेकणीचा मध्य यांतलं अंतर बनवणाऱ्याने मुद्दाम ठरवलेलं असतं, त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ते शून्याच्या जवळ किंवा किंचित उणे असतं (उणे म्हणजे तो बिंदू टेकणीच्या मध्याच्या बाहेरच्या बाजूला). १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ते उणे ठेवून ब्रेकच्या लाइन कर्णात विभागल्या होत्या, म्हणजे पुढचं डावं चाक मागच्या उजव्यासोबत एका लाइनवर आणि उरलेली दोन दुसऱ्या. फायदा असा की एक लाइन गेली, किंवा एक चाक पाण्यात आणि दुसरं कोरड्या डांबरावर असताना ब्रेक दाबला, तरी स्टेअरिंग स्वतःहून उलट दिशेला जोर देतं आणि गाडी सरळ राहते. आजही आपल्या बहुतेक छोट्या हॅचबॅकचे ब्रेक असेच कर्णात असतात.

मध्यरेषा १०-१५ मिमी बाहेर काढली की हा बंदोबस्त कमी होतो, कधी उलटाही होतो. रोज गाडी चालवताना ते जाणवत नाही. कसारा घाटात पावसात जोरात ब्रेक लागला तर जाणवतं. तिथे ट्रॅक २० मिमीने रुंद असल्याचा काही उपयोग होत नाही.

अंबड_एमआयडीसी

हबचं काम बघितलेला माणूस म्हणून सांगतो. बेअरिंगवर भार किती यापेक्षा तो किती लांबून येतो हे महत्त्वाचं. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि तीच हात लांब करून धरा. कंपनीचं बेअरिंग १० मिमीने लगेच मरत नाही, पण खड्ड्याचा प्रत्येक दणका तिरका बसायला लागतो आणि आयुष्य कमी होतं. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जिकडेतिकडे खोदलंय. या रस्त्यांवर बेअरिंग जरा जास्तच लक्षात ठेवा.

सिडको_स्टान्स

बेअरिंग बदलता येतं, दादा. शौकाचा थोडा खर्च असतोच, तो मी कबूल करून भरतो.

मखमलाबादची_अनघा

मला एक साधा प्रश्न विचारायचाय. माझ्या गाडीला अलॉय बसवल्यापासून ८०-९० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, तरी तेच. दुकानदार म्हणतो टायर सेट व्हायचेत. हा ऑफसेटचा परिणाम असेल का?

अंबड_एमआयडीसी

अनघाताई, ऑफसेट चुकला तर स्टेअरिंग जड होतं, रस्त्याच्या चरांमागे ओढलं जातं, खड्ड्यात हिसका देतं. ठरावीक वेगात थरथर हे बहुतेक वेळा सेंटर बोअरचं, म्हणजे रिमच्या मधल्या भोकाचं, लक्षण असतं. मारुतीच्या आणि ह्युंदाईच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं हब ५४.१ मिमीचं आहे. बाजारातली रिमं सगळ्यांना चालावीत म्हणून ७३.१ चं भोक पाडून येतात. मधली पोकळी भरायला रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांवर लटकतं आणि केसभर जरी मध्य सोडून बसलं तरी थरथरतं. चाक काढायला लावा आणि रिंग आहे का बघा. नटही बघा. सुझुकीचे आटे १२ × १.२५, होंडा आणि ह्युंदाईचे १२ × १.५. दोन्ही वरवर सारखे दिसतात, पण भलता नट जोराने चढवला तर स्टडचे (नट चढतो त्या हबवरच्या खिळ्याचे) आटे जातात. नटाचं तोंड रिमच्या खोबणीसारखं आहे ना तेही तपासा: कंपनीच्या होंडा रिमना गोल तोंडाचे नट लागतात, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचे. आणि "टायर सेट होतील" यावर थांबू नका, ताई.

निफाडचा_बागायतदार

इथे सगळे हॅचबॅकवर बोलताय. आमच्याकडे हंगामात गाडीत द्राक्षाचे क्रेट भरून पिंपळगावला जावं लागतं. माझा प्रश्न वेगळा आहे. रिमच्या आत ईटीशेजारी किलोमध्ये भार लिहिलेला असतो तो कोण बघतं? एका ॲक्सलवर येणाऱ्या जास्तीत जास्त वजनाचा अर्धा भाग त्या आकड्यापेक्षा कमीच असला पाहिजे. आमच्या भागात एकाने हॅचबॅकसाठीची हलकी रिमं मोठ्या गाडीला बसवली, पीसीडी जुळला म्हणून. रिमला आतून तडा गेला. भार पेलणारं रिम मिळालं तर ऑफसेटचं भांडण. भारतीय मानक आयएस १६१९२ चा शिक्का, नाहीतर जपानी जेडब्ल्यूएल तरी बघून घ्या. नुसता स्टिकर असेल तर हात लावू नका.

इगतपुरी_४बाय४

गंगापूररोडकर, तुमचा पाच मिलिमीटरचा नियम सगळ्या गाड्यांना लावू नका, ही विनंती. आम्ही पावसाळ्यात भावली, त्रिंगलवाडीच्या बाजूला कच्च्यात जातो. तिथे रुंद आणि उंच टायर लागतो. कंपनीच्या ऑफसेटवर तो टायर पूर्ण स्टेअरिंग फिरवलं की आर्मला किंवा चासीला घासतो. त्याला बाहेर काढण्याशिवाय मार्ग नाही. आमच्यासाठी ईटी कमी करणं हा शौक नाही, गरज आहे. पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या गाड्यांचं गणितही वेगळं असतं.

उलट रॅलीकडे बघा. रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्याच नाशिकमध्ये झालेली आहे. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत १५ इंची रिम आणि जाड पोटाचा टायर वापरतात. खड्ड्यांच्या शहरात १७ इंची रिमवर पट्टीसारखा टायर चढवणारे नेमके कोणत्या रस्त्यासाठी गाडी तयार करतात ते मला कळत नाही.

गंगापूररोडकर

४बाय४ ला माझा नियम लागू होत नाही हे मान्य. तिथे टायर आधी ठरतो, मग ऑफसेट. मी घर, ऑफिस आणि सणावाराला गाव अशा वापराच्या गाड्यांबद्दल बोलतोय. पण तुमच्याही गाडीला चाकाची बेअरिंग आहेत, सलग ॲक्सल असेल तर किंगपिनचीही (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिची). त्यांची तपासणी आधी करत होतात त्यापेक्षा लवकर करा.

नाशिकरोड_वकील

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. आरसीवर रिमचा आकार लिहिलेला नसतो, त्यामुळे कंपनीच्याच वरच्या मॉडेलचं रिम-टायर घेतलं तर वादाला फारशी जागा उरत नाही. आर्चच्या बाहेर आलेलं चाक मात्र रस्त्यावर उभ्या माणसालाही दिसतं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर तर ते नक्कीच टिपून घेईल.

सिडको_स्टान्स

ताई, आर्चच्या बाहेर चाक काढणाऱ्यांची बाजू मी कधीच घेतली नाही. त्र्यंबक रोडवर पावसात अशा गाडीमागे दुचाकी चालवून बघा, सगळा चिखल तोंडावर येतो. मी आर्चच्या ओळीपर्यंत म्हणतोय, त्यापुढे नाही.

आणि स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) लावून कंपनीचंच रिम बाहेर काढणारे असतील तर त्यांनीही ऐकावं: १० मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी १० ने कमी, परिणाम तोच. वर स्टडवर नटाला धरायला आटे कमी उरतात. स्टड १२ मिमीचा असेल तर निदान १२ मिमी नट त्यावर चढलाच पाहिजे. नाहीतर लांब स्टड टाका.

गंगापूररोडकर

हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. तुमच्या सर्कलमधली मुलं माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

नवीन_सभासद_पंचवटी

मी नेमका याच खरेदीत अडकलोय. गाडीला कंपनीचं ५.५जे ईटी ४५ आहे, वर तुम्ही धरलंत तसंच. ६.५जे मध्ये दोन पर्याय मिळतायत, ईटी ४० आणि ईटी ४५. टायर १९५/५५ आर१६ (रुंदी १९५ मिमी, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची). घरचे पाचही जण दरवर्षी वणीच्या गडावर जातो. कोणतं घेऊ?

सिडको_स्टान्स

ईटी ४०. टायर बाहेर साधारण साडेबारा मिमी येईल, आत फक्त अडीच. घासायचा प्रश्नच नाही आणि आर्च छान भरेल.

गंगापूररोडकर

मी ईटी ४५ घेईन. टायर दोन्हीकडे साडेसात मिमी वाढेल, मध्यरेषा जागेवर. त्याआधी एक मोजणी करा: आता टायरचं पोट आणि शॉकअप यांत किती फट आहे? १५ मिमीच्या आसपास असेल तर निर्धास्त घ्या. १० च्या आत असेल तर ईटी ४०, आणि तेव्हा पाच मिलिमीटरवर माझी हरकत राहणार नाही.

पैसे देण्याआधी दुकानात एकच चाक पुढे चढवून घ्या. पुढच्या लायनरला (आर्चच्या आतल्या प्लास्टिकला) खडू फासा, मागे घरची माणसं बसवा, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग फिरवून एका स्पीडब्रेकरवरून हळू न्या. गडाच्या हेअरपिनवर भरल्या गाडीत जे होणार ते तिथेच दिसतं. खडू पुसला गेला तर रिम परत द्या. या चाचणीला नकार देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

सिडको_स्टान्स

चाचणी करायची हे मलाही मान्य. फट १५ निघाली तरी मी ४० च सांगेन, हे मात्र नोंदवून ठेवतो.

अंबड_एमआयडीसी

पंचवटीकर, दोघांपैकी कोणाचंही ऐकलंत तरी टायर १९५/५५ आर१६ वरून हलू नका. कंपनीच्या १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी आणि याचा ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. दुकानात "स्टॉकमध्ये २०५/५० आहे, तेच लावू" म्हणतील. त्याने व्यास १० मिमीने कमी होतो, गाडी ५ मिमी खाली बसते आणि टायर आणखी रुंद होतो. म्हणजे वरचा सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.