मदत हवी आहे: बाण सुटताना पिसं हात कापतात, काय करावं?

नमस्कार मंडळी,

पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात शाळा सुटल्यावर पोरापोरींना तीरकमठा शिकवतो. बांबूचा कमठा, बांबूचेच बाण, निशाण्याला कडब्याच्या पेंढ्या. शिकार अजिबात नाही. पोरं बरीचशी कोलाम आणि गोंड घरांतली, त्यांना मुळातच याची ओढ आहे.

अडचण अशी आहे. आमच्या कमठ्याला बाण टेकवायला काही नाही, तो थेट मुठीवर बसतो. कमठा डाव्या हातात, बाण कमठ्याच्या डाव्या बाजूने, पहिल्या बोटाच्या सांध्यावर. बाण सुटला की पिसं तिथूनच घासत जातात आणि बोट कापतं. ब्लेड लागल्यासारखी बारीक, सरळ जखम. आधी पांढरी रेघ दिसते, मग ती हळूहळू लाल होते. आठवीतल्या एका मुलीला जुन्या जखमेवरच पुन्हा लागलं, तरी ती कमठा खाली ठेवायला तयार नव्हती.

जखमेपेक्षा मला दुसरी काळजी जास्त आहे. एकदा कापलं की पोरगं बाण सोडायच्या क्षणी डावा हात चोरायला लागतं. मूठ खाली जाते, निशाणा जातो, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हापासून पोरं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, "सर, त्याचा हात नाही का कापत?" त्याचं कंपाउंड धनुष्य, त्यावर बाणाला वेगळा टेकू असतो, हाताचा संबंधच येत नाही. आमचं तसं नाही.

पिसं टर्कीच्या पंखाची आहेत, प्रत्येक बाणाला तीन. पोरं मोराची आणून देतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याची भानगड नको म्हणून ती लावत नाही. हातमोजा घालून पाहिला, पण मोठ्यांचा मोजा लहान हातात फिरतो आणि कमठ्यावरची पकड जाते. मोजा न घालता काही उपाय आहे का? बाणातच काही सुधारता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद:

भाऊ, मोज्याचं नंतर बघू, आधी बाण हातात घ्या. पिसाचा मऊ भाग सहसा कापत नाही, तो हाताला लागला की दबतो. कापतो तो पिसाचा कणा, आणि त्यातही फाळाकडचं, म्हणजे बाणाच्या अणीकडचं टोक. कात्रीने सरळ कापलेलं ते टोक काडीपासून जरासं वर उठलेलं राहतं. बाण निघाला की हाताला सगळ्यात आधी तेच लागतं, तेही पूर्ण वेगात.

ते टोक बारीक पॉलिश पेपरने घासून उतरतं करा, इतकं की कणा काडीत कुठे संपला ते बोटाला कळू नये. मग शिवणाच्या दोऱ्याचे वेढे द्या. सुरुवात कण्यावर नको, त्याच्या पुढे मोकळ्या काडीवर करा आणि वेढे एकाला एक लावून कण्याच्या उतारावर चढवत न्या. गाठ वर ठेवू नका, दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून ओढून घ्या. वरून फेविक्विकचा पातळ हात. वाळल्यावर पुन्हा हलकं घासा, कारण वाळलेल्या गोंदाचा थेंबही कापतो. पिसं चिकटवायला पांढरा लाकडाचा गोंद वापरत असाल तर पावसाळ्यात तो मऊ पडतो, म्हणून वेढे मागच्या टोकालाही द्याच. सुटलेल्या पिसाचा कणा बोटात घुसतो, आणि ती जखम कापण्यापेक्षा फार वाईट.

तपासायची सोपी रीत सांगतो. घरचा कापूस असेलच. त्याचा बोळा फाळाकडून दोरीत बसणाऱ्या खाचेकडे पिसांच्या बुडाशी फिरवा. तंतू जिथे अडकले तिथे हात कापणार. रोज पहिला बाण लावायच्या आधी पोरांनीच हे करावं. बोळा अडकलेला बाण त्या दिवशी बाजूला.

प्रतिसाद:

वरचं सगळं बरोबर आहे. माझी भर दोरीबद्दल. खाच दोरीवर फार खाली बसत असेल तर बाण सुटताना मुठीवर दाबला जातो, मग पिसं कितीही गुळगुळीत करा, घासणारच. बाण दोरीला काटकोनात धरा आणि खाच त्यापेक्षा साधारण अर्धा इंच वर बसेल अशी दोऱ्याची खूण दोरीवर बांधा. दोरी सैल असेल तर तीही बघा. मूठ कमठ्यावर ठेवून आंगठा उभा केला की त्याचं टोक दोरीपर्यंत पोचावं, निदान एवढं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर बाण नुसता लावला तरी पिसं हातावर येतात.

आणि प्लास्टिकची पाती सोपी म्हणून लावू नका. ती पिसासारखी दबत नाहीत. टेकू असलेल्या धनुष्यावर ठीक, मुठीवर नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. कापसाचा बोळा फिरवला तर जवळपास सगळेच बाण अडकले! आज घासायला बसलो आहोत, दोरीही बघतो. एकच शंका: तिसरं वेगळ्या रंगाचं पीस आम्ही कमठ्यापासून बाहेरच्या बाजूला, अगदी आडवं ठेवतो. ते बरोबर आहे ना?

प्रतिसाद:

आडवं ठेवलं की उरलेल्या दोनांपैकी खालचं पीस मूठ आणि कमठा यांच्या बेचक्यात घुसतं. रंगीत पीस आडव्यापेक्षा थोडं खाली झुकवून पाहा, म्हणजे खालची दोन पिसं बोटाच्या दोन बाजूंना जातात आणि मधली मोकळी काडी सांध्यावरून सरकते. आतलं पीस कमठ्याला जास्त घासेल, त्याला इलाज नाही. मात्र बांबूच्या बाणाची खाच काडीतच कापलेली असते, ती फिरवता येत नाही. म्हणून जुने बाण तसेच राहू द्या, नव्या बाणांची पिसं चिकटवतानाच हा कोन धरा. खाच कापताना तिच्या लगेच पुढे बांबूची गाठ येईल असं बघा, म्हणजे काडी चिरत नाही.

ज्या मुलीला दोनदा कापलं तिला जखम पूर्ण भरेपर्यंत बाण देऊ नका. तोवर तिच्याकडून वेढे मारून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेवढं तिच्या घरी विचारा.